एका आकड्याचा माणूस

हिंजवडीतल्या आयटी कंपनीच्या कुठल्याही मजल्यावर तो सापडतोच. गळ्यात आयकार्डाची पट्टी, समोर एक्सेल, मान तिरकी करून खांद्यात दाबलेला फोन. हुद्दा कुठे टीम लीड, कुठे डिलिव्हरी मॅनेजर. काम एकच : "किती दिवस लागतील?" असं विचारायचं, आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं.

पद्धती त्याला सगळ्या येतात. अमेरिकी नौदलाने 1958 साली पोलारिस क्षेपणास्त्रासाठी काढलेली 'पर्ट'ची रीत तो झोकात मांडतो. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, फिसकटलं तर किती. मधल्या आकड्याला चौपट वजन आणि बेरजेला सहाने भाग. पोरगं बिचारं तीन, पाच, वीस सांगतं. उत्तर येतं सातच्या वर.

"सात? अरे, क्लायंटला पाच सांगून बसलोय मी!"

शीटमध्ये पाच राहतात. विसाचा कॉलम 'हाइड' होतो.

प्लॅनिंग पोकरमध्ये अंदाजाचे पत्ते सगळ्यांनी एकदम उलटायचे असतात, कुणी कुणाचं बघून बोलू नये म्हणून. हा आपला तिनाचा पत्ता आधीच टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "तुम्ही मोकळेपणाने सांगा हं." तेरा दाखवणारीला 'फार विचार करतेस' असा शेरा मिळतो. पुढच्या वेळी तीही तीन टाकते, आणि एकमत झाल्याची नोंद होते.

गणपती दरवर्षी येतात. याच्या प्लॅनमध्ये ते दरवर्षी अचानक येतात. तारीख हुकायला लागली की हा दोन फ्रेशर उचलून आणतो. रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 सालीच पुस्तकात लिहून ठेवलंय. ते पुस्तक याच्या डेस्कवर आहे, मॉनिटरखाली. नव्यांना शिकवण्यात जुने अडकतात आणि स्टेटस कॉलवर महिनाभर 'नव्वद टक्के झालंय' चालू राहतं.

अनिश्चितता त्याला कळत नाही, असं मात्र समजू नका. कोथरूडहून ऑफिसला किती वेळ लागतो, विचारून बघा. "वाकडचा पूल मोकळा मिळाला तर पाऊण तास, पाऊस असेल तर दोन तास धर." किमान, कमाल, कारणासकट! मग कोडचंच असं का?

"ट्रॅफिक आपल्या हातात नसतं रे. कोड आपणच लिहितो ना?"

उद्या तो तुमच्या डेस्कशी येईलच. दोन आकडे दिलेत तर लहान तोच उचलेल. तेव्हा लहान आकडाच मोठा सांगा, आणि मेलवर सांगा.