आत्मचिंतन : गुण १०

कॉलेजांना परवापरवापर्यंत नुसतं संशोधन पुरायचं. आता संशोधनामागोमाग चिंतनही लागतं. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच फील्ड प्रोजेक्ट आणून बसवलं आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के टिकवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’चा मान देऊ केला. इथवर कोणाची तक्रार नाही. (तक्रारीसाठी वेगळा फॉर्म आहे.) पण सोनेरी अक्षरांचं काळं बायंडिंग जमा करून हात झटकणाऱ्या पोरांपुढे हल्ली आणखी एक कागद सरकवतात : ‘या लेखनप्रक्रियेतून मी काय शिकलो/शिकले? शब्दमर्यादा ५००. गुण १०.’

दहा गुणांसाठी खरं बोलणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. खरं बोलल्याबद्दल दहा गुण देणारा मास्तर तर त्याहून नाही.

आमच्या सोसायटीत एसवायला असलेली एक मुलगी आहे. हा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. काका पेपरात लिहितात म्हणजे त्यांना चिंतन येत असणार, असा तिचा भाबडा समज. तिचा विषय होता ‘शहरातील भाजीविक्रेत्या महिलांच्या आर्थिक समस्या : एक चिकित्सक अभ्यास’. विषय तिने निवडला नव्हता. विभागाच्या यादीत तिच्या रोल नंबरसमोर तो आला होता. आधीच्या नंबराला रिक्षाचालकांच्या समस्या, पुढच्याला घरकामगारांच्या. समस्या ज्याच्या त्याच्या, चिकित्सा मात्र सगळ्यांची एकच.

ती मंडईत गेली. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्या वर्गातले बाकीचे संशोधक मंडईवरून बसने गेले होते. पहिल्या बाईंना तिने प्रश्नावली वाचून दाखवली : ‘आपल्या मासिक उत्पन्नाचे प्रमुख स्रोत कोणते?’ बाई म्हणाल्या, “गवार घेणारेस का?” तिने अर्धा किलो घेतली. दुसऱ्या बाईंना हे रेशनकार्डाचं काम वाटलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून आधारची झेरॉक्स काढून दिली आणि नाव कधी येईल ते विचारलं.

तिसऱ्या बाई मात्र बोलल्या. पहाटे माल उचलायला रोख पैसे लागतात. बँक तेव्हा झोपलेली असते, आणि जागी असती तरी काय फरक पडला असता? एक माणूस येतो, नऊशे हातावर ठेवतो, संध्याकाळी हजार घेऊन जातो. रोज. पाऊस आला, कोथिंबीर सडली, तरी हजार. मुलगी वहीत पटापट लिहून घेत होती. मग तिने प्रश्नावलीत पाहिलं. ‘कर्जाचा स्रोत : (अ) राष्ट्रीयीकृत बँक (ब) सहकारी बँक (क) बचत गट (ड) इतर.’ तिने ‘इतर’वर खूण केली. रोजचे शंभर रुपये, तो माणूस, सडलेली कोथिंबीर, सगळं त्या एका चौकोनात जाऊन बसलं.

सरांना नमुना हवा होता पन्नासचा. हातात तीन, त्यातली एक गवार. सोमवारी जमा करायचं. तिने गूगल फॉर्म काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला : ‘प्लीज भरा, दोनच मिनिटं!’ कोथरूडची मावशी भाजीविक्रेती झाली, बेळगावचे काका भाजीविक्रेत्या महिला झाले. न्यू जर्सीच्या मावसभावाने शिफारशींच्या रकान्यात ‘मंडईत पार्किंगची सोय हवी’ असं कळकळीने लिहिलं. उरलेल्या प्रश्नावल्या रात्री जेवणाच्या टेबलावर भरल्या गेल्या. निळं पेन, काळं पेन, जेल पेन आणि एक गळकी रिफिल. निरक्षर उत्तरदात्यांसाठी बाबांचा अंगठा. काही ठिकाणी डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे अक्षर थकलेलं दिसतं. तिशीच्या पुढे तिला गोडी लागली. एका बाईला तिने नर्सिंग शिकणारी मुलगी दिली, एकीचा नवरा गिरणीतून घरी बसवला, एकीला गुडघेदुखी दिली, कारण सलग सगळ्या धडधाकट कशा असतील? कथा-कादंबरीच्या कार्यशाळेत हे शिकायला लोक पैसे मोजतात. तिला ते दोन क्रेडिटांत मिळालं.

मग गृहीतके सिद्ध झाली. ती होतातच. ‘भाजीविक्रेत्या महिलांना आर्थिक समस्या असतात’ हे गृहीतक खोटं ठरवायची कोणाची छाती आहे? शिफारशींत शासनाने लक्ष द्यावं असं ठरलं. पाय चार्टमध्ये सगळ्यांत जाड तुकडा ‘इतर’चा निघाला. तो कशाचा, हे व्हायवाला कोणीही विचारलं नाही. सरांनी शेरा दिला : ‘प्रतिसादांत चांगले वैविध्य.’

राहता राहिली वाङ्मयचौर्याची तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत प्रबंधांच्या चोरीचे प्राप्तिकरासारखे टप्पे पाडून दिले आहेत. दहा टक्क्यांपर्यंत माफ. दहा ते चाळीसला सहा महिन्यांच्या आत सुधारून आणा. चाळीस ते साठला वर्षभर घरी बसा. साठच्या वर नोंदणीच रद्द. करपात्र उत्पन्न खाली आणणारे सल्लागार जसे निघाले, तसे साम्य खाली आणणारेही निघाले. आमच्या चौकातला झेरॉक्सवाला तज्ज्ञ आहे. ‘महिला’ असेल तिथे ‘स्त्रिया’, आयोग आणखी कडक झाला की ‘भगिनी’. अनुक्रमणिका तोच लावतो, पाननंबर तोच टाकतो, मुखपृष्ठावर गेल्या वर्षीचा प्राचार्य राहून गेला तर तोच बदलतो. ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून परमेश्वरापर्यंत सगळे असतात. हा सोडून.

आणि आता चिंतन. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एआयकडून एक लिहून घेतलं होतं : ‘हा केवळ प्रकल्प नव्हता, तर स्वतःला शोधण्याचा प्रवास होता.’ दुपारपर्यंत अख्खा वर्ग प्रवासाला निघाला. प्रत्येकाला सुरुवातीला अडचणी आल्या, मध्यंतरी वेळेच्या नियोजनाचं महत्त्व कळलं आणि शेवटी आत्मविश्वास वाढला. खाडाखोड केलेला कच्चा मसुदा एकाकडेही नव्हता. लेखनाची प्रक्रिया आठवायला आधी ती व्हावी लागते, एवढी बारीक अट त्या दहा गुणांत कुठे लिहिलेली नव्हती.

खरं तर संशोधनाविषयीच्या चिंतनाची मराठीत मोठी परंपरा आहे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि असे २२ खंड केले. त्यांच्या प्रस्तावना आजही लोक खंडांपेक्षा जास्त वाचतात. बावीस खंडांत जागोजाग दुसऱ्यांचीच पत्रं, शब्दशः! सॉफ्टवेअरमधून काढले तर राजवाड्यांची नोंदणी पहिल्या खंडालाच रद्द. अवतरणं वगळावीत असं विनियमांत आहे म्हणा, पण ते बटण दाबायला कोणीतरी मजकूर वाचायला हवा.

मी त्या मुलीला म्हटलं, “बाकीचं जाऊ दे. तिसऱ्या बाई लिही.” तिने लिहिलं. नऊशेचे हजार, ‘इतर’चा चौकोन, आणि प्रश्नावली आधी लिहून मग मंडईत गेल्यामुळे आपण काय विचारायचं विसरलो, तेही. साधं, आखूड आणि चांगलं लिहिलं होतं. कागद परत आला : ‘विषयांतर. उद्दिष्टांची पूर्तता कशी झाली ते लिहावे.’ गुण चार. पुनर्सादरीकरणाची सोय होती, म्हणून तिने तो प्रवास डकवला. नऊ मिळाले. एक गुण ऱ्हस्व-दीर्घाचा गेला.

मास्तरांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. त्यांच्याही मानेवर एक चिंतन बसलेलं असतं. १९९४मध्ये स्थापन झालेली, कॉलेजांना मानांकन देणारी नॅक नावाची संस्था बंगळुरूला असते, आणि तिच्यासाठी कॉलेज आपलं स्वतःचं आत्मपरीक्षण लिहीत असतं. स्वयं-अध्ययन अहवाल. निकष सात. सातव्यात ‘उत्तम उपक्रम’ दाखवावे लागतात, आणि पुराव्याला जिओ-टॅग केलेले फोटो. विद्यार्थ्यांचं चिंतन हा या कॉलेजचा यंदाचा उत्तम उपक्रम. म्हणून मागच्या आठवड्यात मुलांना झाडाखाली पारावर बसवून, हनुवटीला पेन लावून, अक्षांश-रेखांशासकट फोटो काढले. दोन मुलं हसली म्हणून तीनदा काढावे लागले.

अहवालात पहिल्याच निकषाखाली अभिप्रायांचा रकाना असतो. शिक्षकांचे, माजी विद्यार्थ्यांचे, नोकरी देणाऱ्यांचे. ते भरून घ्यायचे राहून गेले आहेत आणि मुदत शुक्रवारी संपते. माजी विद्यार्थी फोन उचलत नाहीत. परवा विभागप्रमुख मॅडमनी आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीला वर्गातून बोलावून घेतलं. तिचं प्रोजेक्ट टेबलावर उघडं होतं, परिशिष्टाच्या पानावर, प्रश्नावल्या वर काढून ठेवलेल्या.

“प्रतिसादांत वैविध्य फार छान आहे गं तुझ्या,” मॅडम म्हणाल्या. “माजी विद्यार्थी तेवढे तू कर. नोकरी देणारे इंग्रजीत लिहितात, ते सर भरतील.”