आकाशाची हद्द कायम मोजणी

मोजणीच्या नोकरीत हयात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर वर बघायला आवडतं, कारण वर गट नंबर नसतात. तिथे कोणी बांध कोरत नाही. साखळीच्या एका टोकाला थोरला भाऊ, दुसऱ्या टोकाला धाकटा आणि दोघांच्या हातात कुऱ्हाडी, असला प्रसंग ढगांत येत नाही. हे सुख न्यू जर्सीच्या मुक्कामात आमच्या जावयांनी जेवणाच्या टेबलावर एक कागद उलगडून संपवलं.

कागदाला टेबल पुरेना. वरणाचं पातेलं ओट्यावर गेलं, पोळ्यांचा डबा हिच्या मांडीवर गेला, तरी कनेटिकटचा कोपरा खाली लोंबतच होता.

"बाबा, हा न्यू यॉर्कचा टर्मिनल एरिया चार्ट."

जावई आठवडाभर संगणकावर काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी भाड्याचं सेसना १७२ उडवतात. लायसन रीतसर आहे. रविवारी आम्हाला हडसन नदीवरून न्यू यॉर्क दाखवायचा त्यांचा बेत होता, आणि नकाशा पुढ्यात ठेवला की सासरे भ्यायचं विसरतात हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

मी आधी प्रमाण बघितलं : एकास अडीच लाख. मग तारीख बघितली.

"हा किती दिवस चालतो?"

"५६ दिवस. मग नवा घ्यायचा."

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे साहेब इंदापुरात जमिनीच्या मोजणीला उतरले, तेव्हापासून आमच्या धंद्यात कागद जितका पिवळा तितका त्याचा मान मोठा. ५६ दिवसांत शिळा होणारा नकाशा मी प्रथमच हातात धरत होतो. शिवाय त्यावर हद्दी अशा गच्च की खालची जमीन शोधावी लागावी. निळी सलग रेघ, निळी तुटक रेघ, राणी रंगाची सलग, राणी रंगाची तुटक, आणि कुठे कुठे राणी रंगाची नुसतीच पसरट छटा.

निळी सलग म्हणजे 'बी' वर्ग. केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क हे तीन मोठे विमानतळ इथे एकमेकांच्या अंगावर पडलेत, त्या तिघांची मिळून ही एक हवाई हद्द. विमानतळापाशी ती जमिनीला टेकते, दूर जावं तसा तिचा तळ पायरीपायरीनं वर चढतो, माथा मात्र ७,००० फुटांवर. थोडक्यात, उतरंड उलटी करून ठेवलेली. प्रत्येक खणात अपूर्णांक लिहावा तसे दोन आकडे. वर ७० आणि खाली ३० असेल, तर ही हद्द ३,००० फुटांवर सुरू होते आणि ७,००० वर संपते. त्याखालून निमूट गेलात तर कोणी हटकत नाही. खाली आकड्याऐवजी 'एसएफसी' असेल तर हद्द थेट मातीपर्यंत. मी जन्मभर लांबी मोजली, रुंदी मोजली. एकाच जागेला उंचीवर वेगवेगळे कायदे लागतात हे कळल्यावर माझं जेवणातलं लक्ष उडालं.

वर्ग ए पासून जी पर्यंत. 'ए' १८,००० फुटांच्या वर, म्हणून तो या कागदावर नाहीच. 'जी' म्हणजे गायरान, कोणाला विचारायला नको.

"आणि मधला एफ?"

"तो अमेरिकेत वापरत नाहीत."

सरकारी यादीत एखादं अक्षर गहाळ असायचंच. मी पुढे सरकलो.

"बी मध्ये शिरायचं तर कंट्रोलरनं तोंडानं 'क्लिअर्ड' म्हटलं पाहिजे," जावई सांगू लागले. "सी मध्ये तेवढं लागत नाही. दोघांचं बोलणं सुरू झालं की पुरे. आपण हाक मारली आणि त्यानं आपल्या विमानाचा नंबर घेऊन 'स्टँडबाय' म्हटलं, म्हणजे 'थांबा' म्हटलं, की आत जायला हरकत नाही."

"थांबा म्हटलं की आत जायचं?"

"नंबर घेतला तर. नंबर न घेता नुसतंच 'हाक मारणारं विमान, थांबा' म्हणाला, तर बाहेरच."

"बरोबर आहे," पोळ्यांच्या डब्यामागून ही म्हणाली. "नाव घेतलं म्हणजे ओळख पटली."

जे नकाशावर आहे ते निदान बघता तरी येतं. खरी मेख जे छापलेलं नाही त्यात. यँकी स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना असला, की सामन्याआधी एक तास ते सामन्यानंतर एक तास, स्टेडियमभोवती ३ सागरी मैल आणि ३,००० फूट उंचीपर्यंत परवानगीशिवाय फिरकायचं नाही. हडसन त्याच्या टप्प्यात येते. त्यामुळे जावई आधी हवामान बघतात, मग बेसबॉलचं वेळापत्रक, आणि नंतर बायकोला विचारतात. डिस्नेच्या दोन्ही करमणूक नगरांवरही हेच ३ मैल आणि ३,००० फूट. ट्रम्पसाहेब न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला आपल्या गोल्फ मैदानावर मुक्कामाला आले, की बंदीचा घेर ३० सागरी मैलांवर जातो. आसपासच्या लहान विमानतळांवरची विमानं शनिवार-रविवार गवतात उभी राहतात, आणि ज्यानं सूचना वाचली नाही त्याच्या शेजारी एफ-१६ येऊन पंख हलवतं. लोकशाहीत मिकी माऊस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यात फक्त २७ मैलांचा फरक आहे, ही मला चांगली गोष्ट वाटली.

एवढ्या बंदिस्त आकाशात एक पट्टा मात्र मोकळा सोडलाय : हडसन नदी, या काठापासून त्या काठापर्यंत, १,३०० फुटांच्या खाली. तिथे कंट्रोलर नाही. १२३.०५ ही फ्रिक्वेन्सी लावायची आणि आपण कोण, कुठे, किती उंचीवर, कुठे निघालो हे आपणच सगळ्यांना ओरडून सांगायचं. उत्तरेला जाणाऱ्यानं पूर्वेचा काठ धरायचा, दक्षिणेला जाणाऱ्यानं पश्चिमेचा. ८ ऑगस्ट २००९ ला इथे एक लहान विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं, नऊ माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी हे नियम सक्तीचे झाले. वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू, आणि न्यू यॉर्कचा चालू आवृत्तीचा टर्मिनल चार्ट विमानात हवाच. एरवी अशा लहान विमानात नकाशा बाळगायची कायद्यानं सक्ती नाही. इथे आहे. ज्या कायद्यानं नकाशाला विमानात जागा ठेवली, त्या कायद्याबद्दल मला आदर वाटला.

रविवारी विमानतळावर जावयांनी खाली बघत सासूचं वजन विचारलं. विमानाचा तोल त्यावर ठरतो म्हणे. ही म्हणाली, "तुम्हीच अंदाज करा." जावई शहाणे, त्यांनी अंदाज कमी सांगितला आणि तेवढं पेट्रोल गुपचूप कमी भरलं. मुलगी खालीच राहिली.

व्हेराझानो पुलापाशी जावई बोलले, "हडसन ट्रॅफिक, सेसना, व्हेराझानो, नॉर्थबाउंड, १,१०० फूट." लगेच कानात चार जणांनी आपापली हजेरी लावली. कोणी पुतळ्यापाशी, कोणी घड्याळापाशी. बोलायच्या जागा नकाशावर ठरवून दिल्यात : पूल, स्वातंत्र्यदेवी, जर्सी सिटीतलं कोलगेटचं घड्याळ, इंट्रेपिड ही विमानवाहू नौका, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, आल्पाइनचा मनोरा. टूथपेस्टच्या घड्याळाला आकाशात हद्दीच्या दगडाचा मान मिळाला, तो ५० फूट व्यासाच्या जोरावर.

पुतळा डावीकडून गेला. उजवीकडे मॅनहॅटन आलं आणि मी मान वर केली. वन वर्ल्ड ट्रेड सेंटर १,७७६ फूट, आम्ही १,१००. विमानात बसून इमारतीचा माथा बघायला मान वर करायची!

एवढ्यात समोर टेकवलेला जावयांचा टॅब्लेट उन्हानं तापला आणि बंद पडला. त्यावरच आमचं चिमुकलं विमान हद्दींमधून सरकताना दिसत होतं.

"बाबा, कागद काढा."

कागद मांडीवरच होता. तो मी उलगडला, तेव्हा त्या खोक्याएवढ्या जागेत न्यू यॉर्क राज्य जावयांच्या कानावर, लाँग आयलंड दाराच्या कडीत आणि अटलांटिक महासागर माझ्या तोंडावर आला. मी तो चारपदरी केला, नदी वर आणली आणि बोट ठेवलं. "इंट्रेपिड उजव्या हाताला. तेराशेच्या वर जाऊ नका, वर दुसऱ्याचा मजला आहे." खालून एक हेलिकॉप्टर आपलं ठिकाण ओरडत गेलं, जावयांनी आपलं सांगितलं, दोघांनी एकमेकांना वाट दिली. ना तलाठी, ना पंचनामा. बांधावर माणसं एवढ्या गोडीनं बोलती तर माझी नोकरीच राहिली नसती.

आल्पाइनचा मनोरा ओलांडल्यावर जावई म्हणाले, परतीला सरळ बी मधून जाता येतं का विचारू. विचारलं. कंट्रोलरनं आमचा नंबर घेतला आणि म्हणाला, "स्टँडबाय."

जावयांनी विमान वळवलं आणि हद्दीबाहेर घिरट्या सुरू केल्या.

"अहो, नंबर घेतला ना त्यानं?" मागून ही. "मग शिरा की आत!"

"आई, तो नियम सी चा. हा बी."

"मग हा थांबा कसला?"

"हा खरा थांबा."

ही गप्प झाली. आणखी एक घिरटी झाल्यावर म्हणाली, "साहेब जेवायला गेला असेल."

साहेब जेवून आले आणि एका वाक्यात म्हणाले, हद्दीबाहेरच राहा. जावयांनी तक्रार न करता पश्चिमेची लांबची वाट धरली. आता वेळ आहेच म्हणून हिनं मागून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा पुढे दिला. ठेवायला नकाशाशिवाय जागा नव्हती. तेलाचा पहिला डाग नेमका न्यूअर्कवर पडला.