बाणांचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण विंचवाची एक सोय आपल्या लक्षात येत नाही: त्याची नांगी अंगालाच जोडलेली असते, ती गाडीत विसरत नाही. धनुष्य घेऊन रानात जाणाऱ्या माणसाची नांगी वेगळी आणि ती ठेवायची पिशवीही वेगळी. या पिशवीला आपण भाता म्हणतो, तिच्यावरून कविता करतो आणि ती कुठे अडकवायची हा प्रश्न मात्र चित्रकारांवर सोडून देतो. वास्तविक भाता म्हणजे सामान. सामानाचे सगळे दुर्गुण त्याच्यात असतात: ते लोंबतं, खडखडतं, झुडपात अडकतं आणि नेमकं हवं तेव्हा हाताला लागत नाही. पायी शिकार करणाऱ्याचं हे सामान धनुष्यावरच बांधलेलं बरं, असं माझं मत आहे. मराठी भाषा माझ्या बाजूची आहे. तिने तीर आणि कामठा कधीच एकत्र बांधून ‘तिरकामठा’ करून टाकला. आपल्याकडे वन्यजीवांच्या शिकारीला 1972च्या कायद्याने आळा घातला आहे, तेव्हा या मताचा पुरावा गोळा करण्यासाठी रानाऐवजी संग्रहालयं पालथी घालावी लागतात. त्यात हरणांचं भलं आहे, आणि तिकिटाच्या रांगेत दबा धरायलाही कमी संयम लागत नाही.

पहिला मुक्काम उत्तर इटलीतलं बोल्झानो. इथल्या संग्रहालयात सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा, बर्फात टिकून राहिलेला माणूस ओट्झी थंडगार खोलीत पडून आहे आणि लोक एका छोट्या खिडकीतून, नव्या सुनेचं तोंड पाहावं तसं, त्याला पाहतात. 19 सप्टेंबर 1991 रोजी आल्प्समध्ये, 3210 मीटर उंचीवर तो सापडला. मग ऑस्ट्रियाचा की इटलीचा हा प्रश्न निघाला, मोजणी झाली, आणि तो इटलीच्या हद्दीत 92.56 मीटर आत निघाला. बांधावरून कोर्टात गेलेल्या कुठल्याही चुलतभावांना तो दशांश मनापासून पटेल. आपल्या कामाचं आहे ते त्याचं सामान. 1.82 मीटर लांबीचं यू लाकडाचं धनुष्य, तेही अर्धवट तासलेलं. भात्यात चौदा बाण. त्यांतले बारा अपुरे आणि पुरे झालेले दोन मोडलेले. थोडक्यात, गृहस्थ ‘वाटेत करू’ म्हणून काम बरोबर घेऊन निघाले होते. भाता कातड्याचा, त्याला आधार म्हणून हेझलच्या लाकडाची काठी, आणि तीही मोडलेली. शिवाय धनुष्य एकीकडे आणि भाता दुसरीकडे, मधे काही मीटरचं अंतर. ओट्झीने ते स्वतःच खाली ठेवले असतील, असं कोणी म्हणेल. असतील. तरी त्या मोडक्या काठीची साक्ष राहतेच. भात्याला कणा लागतो, आणि तो स्वतंत्रपणे वाहायचा म्हटलं की मोडतो. धनुष्य हा आयता, मजबूत कणा हातात असताना दुसरा कणा पाठीला कशाला, हे त्या माणसाला सुचलं नाही. त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचं बाणाग्र रुतलेलं होतं, त्यामुळे पुढे विचार करायला त्याला फारशी सवड मिळाली नसावी.

आता कोणी म्हणेल की पुरावा एकाच माणसाचा, आणि तोही मेलेल्या. म्हणून पुढे जायचं. टांझानियातल्या एयासी सरोवराजवळचे हाड्झा शिकारी बहुतेक वेळा बाण धनुष्यासोबत सरळ हातातच धरून चालतात. मूठ हाच भाता. बंदही नको आणि बक्कलही नको. कॅलिफोर्नियात 1911मध्ये ओरोव्हिल गावाजवळ प्रकट झालेला ‘याही’ नावाच्या जमातीचा इशी याच्याकडे पाणमांजराच्या कातड्याचा सुरेख भाता होता. तरी नेम धरताना तो जास्तीचे बाण उजव्या काखेत दाबून ठेवी, अशी नोंद त्याचे डॉक्टर आणि शिष्य सॅक्स्टन पोप यांनी केली आहे. आपल्याकडे काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालतात. इशीने वळसा वाचवला. हे दोघे एकमेकांपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावरचे, पण बाण हाताच्या टप्प्यातच हवेत, यावर दोघांचं एकमत. भाता ही फक्त वाटचालीची सोय.

घोड्यावरच्या माणसाचा न्याय वेगळा, हे मान्य केलं पाहिजे. शक लोकांनी धनुष्य आणि बाण एकाच म्यानात घालून ते डाव्या कमरेला लटकवलं. ग्रीसमधल्या व्हर्जिना इथे 1977मध्ये उघडलेल्या राजथडग्यात अशा म्यानावरचा सोन्याचा पत्रा निघाला. त्यावर शहर लुटल्याची नक्षी आहे. घोडा ओझं वाहतो, म्हणून स्वाराला सोनंही परवडतं. पुढचा मुक्काम इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. 1545मध्ये बुडालेलं आणि 1982मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज तिथे आहे. त्यात चामड्याच्या गोल चकत्या सापडल्या, प्रत्येक चकतीला 24 भोकं आणि एकेका भोकात एकेक बाण. बाणाला बाण घासून पिसं चुरगळू नयेत म्हणून केलेली ही राखीव आसनव्यवस्था. ही चकती विसरू नका, पुढे लागेल.

कारण शेवटचा मुक्काम अमेरिकेत मिशिगनचा आहे. तिथे ग्रेलिंग गावी फ्रेड बेअर यांचा धनुष्यांचा कारखाना होता आणि विसाव्या शतकाच्या मध्याला धनुष्यावर बसणारा भाता अशाच मंडळींनी लोकप्रिय केला. तोवर 1938च्या रॉबिन हूड चित्रपटाने पाठीवरचा भाता जगाच्या मनात घट्ट बसवला होता. पण सिनेमातल्या नायकाला ओढ्यावर ओणवं होऊन पाणी प्यावं लागत नाही. प्यायला तर सगळे बाण डोक्यावरून पाण्यात. धनुष्यावरच्या भात्याचे दोन भाग असतात: वर टोपण, ज्यात बाणांची धारदार टोकं झाकली जातात, आणि खाली रबराची खाचांची पट्टी, ज्यात काड्या एकेक करून बसतात. ही पट्टी म्हणजे मेरी रोझच्या चकतीची नातसूनच. खरी गोम बांधण्यात आहे. घट्ट बांधायचं म्हणजे आवळून बांधायचं, असं एस.टी.च्या टपावर वळकट्या बांधलेल्या समाजाला वाटणं साहजिक आहे. पण धनुष्य हा टप नव्हे, ते वाकतं. दोरी ओढली की मुठीच्या वरची आणि खालची भुजा तिरंदाजाकडे झुकते. भाता भुजांच्या मध्यावर बांधला तर त्याचे दोन भाग दर ओढीला माना वळवणार, मधले बाण वाकणार आणि भुजांची चपळाई मंदावणार. म्हणून भात्याचा बंद धनुष्याच्या मुठीच्या जाड भागाजवळ घ्यायचा, जिथे भुजा नुकती सुरू होते आणि जवळजवळ हलत नाही. खाली चामड्याचा पातळ तुकडा, वर रबराचा किंवा चामड्याचा पट्टा. चामडं पकडही देतं आणि लाकूडही राखतं. नुसत्या सुतळीने करकचून बांधलं तर ती लाकडात रुतते. अखंड लाकडाच्या धनुष्याला भोक पाडून स्क्रू मारणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. असा माणूस सतारीला खुंटी ठोकून टोपी अडकवेल.

आक्षेप आहेत, आणि काही खरे आहेत. वजनाचा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात येतो. शिकारीचा बाण साधारण 32 ग्रॅमचा, म्हणजे पाच बाण 160 ग्रॅम. एका बऱ्या हापूस आंब्याहून कमी. भात्याचा सांगाडा धरला तर अर्ध्या किलोपर्यंत जाईल, आणि ते वजन बाण सुटल्यावर हाताला बसणारा झटका थोडा पचवतंसुद्धा. दुसरा आक्षेप वजनदार आहे: भाता एका बाजूला असल्याने धनुष्य कलतं. कलतं खरं. म्हणून तो अंगासरशी बसवायचा आणि सरावही भात्यासकट करायचा. लग्नात जे जोडे घालायचे ते आधी घरात घालून पाहतो तसं. एक बाण गेला की तोल बदलतो, असंही म्हणतात. पण हरीण दुसऱ्या बाणाची वाट पाहत थांबत नाही, त्यामुळे ही चिंता बहुतेक वेळा पुस्तकीच राहते. खडखडाटाचं उत्तर पिसांमधल्या अंतरात आहे. राहिला परंपरेचा आक्षेप, की अस्सल धनुष्य मोकळं दिसावं. ते दिसतंही सुंदर. पण इशीच्या काखेइतकी अस्सल परंपरा दुसरी कुठली दाखवणार, आणि ती चित्रात कोण काढणार?

एक अडचण मात्र मला सोडवता आलेली नाही. हा नीट बांधलेला भाता घेऊन मिशिगनला जायचं तर विमानाच्या केबिनमध्ये बाण चालत नाहीत. तेव्हा पट्टे सोडायचे, चामड्याचे तुकडे जपून ठेवायचे, धनुष्य एका नळीत, बाण दुसऱ्या पेटीत, आणि दोन्ही विमानाच्या पोटात. मग उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्याशी उभं राहायचं. भाता येतो. धनुष्य कुठल्या देशाच्या हद्दीत किती मीटर आत पडलंय, याची मोजणी सुरू होते.