पत्रा आणि पत्ता

उन्हाळा आला की सरकारी सूचना येते: दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका, घरात थांबा, भरपूर पाणी प्या. सल्ला बिनचूक. फक्त तो स्लॅबखाली बसून, स्लॅबखाली बसणाऱ्यांसाठीच लिहिलेला.

मुंबईत गोवंडीला, मानखुर्दला, धारावीला पोटमाळ्यावर उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागतं. एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्याचा तवा होतो. तिथली बाई ऊन टाळायला घरात शिरत नाही. घर टाळायला बाहेर येते आणि गल्लीत जिथे सावली सापडेल तिथे बसते. सरकारी सूचनेचा भंग केला म्हणून अजून तिला दंड लावलेला नाही, हे उपकारच.

आता पाणी. मुंबई महापालिकेचं माप असं: इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीतल्याला ४५. ज्याच्या डोक्यावर पत्रा, त्याच्या हंड्यात तिसरा हिस्सा. तहान पत्ता विचारून लागते, असा पालिकेचा समज दिसतो.

बरं, कुणाला काही ठाऊक नाही असंही नाही. शहराचा वातावरण कृती आराखडा १३ मार्च २०२२ ला थाटात जाहीर झाला. कुठे पाणी तुंबतं, कुठे ऊन जास्त भाजतं, सगळ्याचे रंगीत नकाशे. २०५० पर्यंत नेट झिरोचा, म्हणजे निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचा, वायदा. गंमत तारखेत आहे. नगरसेवकांची मुदत संपली ७ मार्चला. म्हणजे आराखडा आला आणि त्याबद्दल ज्याला जाब विचारायचा तो माणूस आठवडाभर आधीच घरी गेला. पुढे २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती. गोरगरीब नकाशात ठळक होते. बैठकीत त्यांची खुर्चीच नव्हती.

शेजारी अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेने हिसका दिला. २०१३ मध्ये त्यांनी उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. पांढरं छप्पर ऊन परतवतं, खोली काही अंशांनी उतरते. उपाय स्वस्त, आणि तीच त्याची मोठी खोट. एवढ्याशा कामाचं टेंडर ते केवढं निघणार? शिवाय छपरावर कोनशिला बसत नाही आणि फीत कापायला वर चढणार कोण?

आता नवे नगरसेवक आले आहेत. आराखड्यात समतेवर आणखी एक प्रकरण, आणखी एक कार्यशाळा, आणखी एक सल्लागार नको. आधी ४५ आणि १३५ यांतलं अंतर मिटवा. मग पांढरी बादली घेऊन छपरावर चढा. गोरगरिबांना चुना लावण्याचा आपल्याकडे अनुभव दांडगा आहे. यंदा तो त्यांच्या पत्र्याला लावा.