पार्ट कुठे मिळतो?

नवी मोटार घेण्याची मसलत मनुष्याने पत्नीशी करावी, बँकेशी करावी, फार तर दार लावून घेऊन सख्ख्या भावाशी करावी; परंतु ती बापूसाहेबांच्या कानावर जाणार नाही असा बंदोबस्त मात्र आधी करावा. बापूसाहेबांची ओळख करून देण्याची आवश्यकता मला वाटत नाही, कारण ते वाचकांच्याही इमारतीत, बहुधा तळमजल्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर राहील अशा खिडकीपाशी वास्तव्य करून असतात. अशा एखाद्या सरकारी खात्यातून ते सेवानिवृत्त झालेले असतात, जेथे यंत्राची खरेदी करून त्यापुढे नारळ फोडणारा अधिकारी निराळा आणि पुढे तीस वर्षे ते चालते ठेवणारा अधिकारी निराळा असतो. आणि सबंध हयात या दुसऱ्या वर्गात गेल्यामुळे, नारळ फोडणाऱ्या यच्चयावत मनुष्यमात्राविषयी त्यांच्या मनात एक शांत, परिपक्व तुच्छता वसत असते.

आमच्या घरी आटोपशीर हॅचबॅक घेण्याचा विषय रात्री जेवताना निघाला आणि सकाळी बापूसाहेब दारात उभे.

"गाडी घेताय म्हणे. घ्या, जरूर घ्या. पार्ट कुठे मिळतो?"

कोणती गाडी, केवढ्याची, कोणत्या रंगाची, अशा प्राथमिक जाबजबाबांची त्यांना गरज भासत नाही. त्यांच्या दृष्टीने सृष्टीतील पदार्थांचे वर्गीकरण एकदाच होऊन गेलेले आहे : ज्यांचा पार्ट मिळतो ते, आणि इतर. सोसायटीने नवी लिफ्ट बसविण्याचा ठराव मांडला, तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीने पडद्यावर चित्रे दाखवून, दुबईतल्या कोणत्याशा मनोऱ्याचा दाखला देऊन, सभासदांना अगदी मंत्रमुग्ध करून सोडले असता, मागच्या खुर्चीवरून हाच प्रश्न आला. "आमची कंपनी जागतिक आहे, काका," असे त्या बिचाऱ्याने अभिमानाने सांगितले. "म्हणजे पुण्यात नाही," असे म्हणून बापूसाहेब खाली बसले आणि ठराव नामंजूर झाला. एका भाचीला स्थळ सांगून आले. मुलगा दहा मिनिटांत किराणा पोहोचविणाऱ्या एका नव्या कंपनीत भल्या थोरल्या पगारावर होता. बापूसाहेबांनी त्याची पत्रिका पाहिली नाही, पगारही विचारला नाही. ही कंपनी उद्या बसली तर हा पार्ट दुसऱ्या कोणत्या मशीनला लागतो, एवढेच त्यांनी मुलाच्या वडिलांना विचारले. लग्न झाले, फक्त बापूसाहेबांना आमंत्रण नव्हते. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंचा गुडघा बदलायचा ठरला, तेव्हा तर या गृहस्थांनी इस्पितळात जाऊन प्रत्यक्ष शल्यविशारदाला गाठले, आणि हा सांधा कोणत्या बनावटीचा, त्याची मापे सर्वसाधारण की खास, झिजल्यास त्यातला आतला तुकडा तेवढा बदलता येतो की सबंध जोड काढावा लागतो, याची तपशीलवार रुजवात करून घेतली. डॉक्टरांनी सर्व प्रश्नांना गंभीरपणे उत्तरे दिली, ही गोष्ट मला अजून चमत्कारिक वाटते.

असा मनुष्य मोटार घेताना बरोबर असावा की नसावा, हा प्रश्न शोरूममध्ये पाऊल टाकीपर्यंत माझ्यापुढे होता. तेथे तो उरला नाही, कारण बापूसाहेब आमच्या आधीच तेथे जाऊन बसले होते.

विक्रेता विशीतला, गळ्यात टाय, हाती टॅब्लेट. त्याने सहा एअरबॅगा सांगितल्या, पडद्याचा आकार इंचांत सांगितला, आमची सौ. 'इकॉनॉमी' हा शब्द उच्चारण्यापूर्वीच मायलेज सांगितले. बापूसाहेब हे सर्व ऐकत होते असे वाटत होते. वस्तुतः ते गाडीच्या पुढच्या दिव्याकडे एकटक पाहत होते.

"बल्ब गेला तर?"

"एलईडी आहे सर, जातच नाही."

"बरं. आणि गेला तर?"

पाच-सात मिनिटांच्या उलटतपासणीनंतर जे निष्पन्न झाले ते असे, की साध्या बल्बचा दिवा असता तर दोन-तीनशे रुपयांत आणि स्वतःच्या हाताने काम भागले असते. हा दिवा मात्र गेल्यास सबंध पेटीच बदलावी लागणार आणि तिची भाषा हजारांची. बापूसाहेबांनी खिशातून डायरी काढली. मग पंचनामा सुरू झाला. टायमिंगला चेन आहे की बेल्ट. कारण बेल्ट ठरल्या मुदतीत बदलावा लागतो आणि न बदलता तुटला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्हवर पिस्टन आदळून खर्चाला पारावार राहत नाही, चेन मात्र तेल वेळच्या वेळी बदलले तर बहुधा इंजिनाइतकीच टिकते. ऑईल फिल्टरपर्यंत हात वरून पोहोचतो की खालून. स्टेपनी पूर्ण मापाची की नावापुरती. टायरचे माप बाजारात सर्रास चालणारे की केवळ याच गाडीचे. गिअर आपोआप पडणारी ती जी एएमटी, तिच्याविषयी त्यांनी त्या मुलाला असे ऐकविले की, "क्लच आहे तोच आहे बाळा, फक्त तो दाबणारा पाय तुम्ही माझ्याकडून काढून घेऊन एका मोटरला दिला, आता विद्यापीठ चौकातल्या गर्दीत क्लच झिजायचा तो झिजेलच, वर त्या मोटरचा पार्ट कुठे मिळतो?" मुलाने टॅब्लेटमध्ये शोधले. त्यात ते नव्हते.

चार मीटरच्या आतील लांबी आणि बाराशे सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीला २००६ पासून करात सवलत आहे आणि म्हणूनच इतक्या गाड्यांची पाठ अचानक कापल्यासारखी दिसते, हे मला बापूसाहेबांमुळे कळले. २०२५ च्या सप्टेंबरात अशा गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, तेव्हा सर्व शहरात आनंदीआनंद झाला. बापूसाहेब त्या दिवशी पेढे घेऊन फिरत होते, ते मात्र गाड्यांसाठी नव्हते. त्याच फर्मानाने सुट्या भागांवरचा करही सरसकट अठरा टक्के केला होता, ही बातमी त्यांच्याखेरीज आमच्या इमारतीत कोणी वाचलेलीच नव्हती.

परदेशी कंपन्यांच्या बाबतीत त्यांचे मत विशेष कठोर. घराण्यातली गेलेली माणसे श्राद्धाला आठवावीत तशी ते नावे घेतात : देऊची मॅटिझ, शेव्हरोले, जिचा कारखाना इथे तळेगावात होता आणि जिची विक्री २०१७ साली बंद झाली, फोर्ड, जिने २०२१ मध्ये येथील उत्पादन गुंडाळत असल्याचे जाहीर केले. या गाड्या वाईट नव्हत्या, काही तर फारच चांगल्या होत्या, आणि सुट्या भागांची तजवीज कंपन्यांनी मागे ठेवली होती, हे ते न्यायबुद्धीने मान्य करतात; पण सून चांगली होती हे ती माहेरी निघून गेल्यावर सांगून काय उपयोग, असे एक वाक्य जोडतात, ज्याचा त्यांच्या स्वतःच्या घरातील कोणत्याही घटनेशी संबंध नाही असा त्यांच्या पत्नीचा खुलासा आहे.

शोरूमनंतर त्यांनी आम्हांस नाना पेठेत नेले. ज्यांनी पुण्यात गाडी बाळगली आहे त्यांना ही पेठ सांगावयास नको. दुकानाला दुकान लागून, फळ्यांवर छतापर्यंत खोकी, बाहेर टांगलेले बंपर, आणि सर्वत्र नव्या रबराचा तो किंचित गोडसर वास. बापूसाहेबांच्या हाती एक फर्दच होती : क्लच प्लेट, पुढचा शॉकअब्सॉर्बर, डावा आरसा, ब्रेक पॅड, आम्ही हेरून ठेवलेल्या प्रत्येक गाडीचे हे जिन्नस ते दुकानात मागत, विकत काहीच घेत नसत, आणि दुकानदार त्यावर रागावत नसत, यावरून हा शिरस्ता जुना असावा. त्यांची परीक्षा मी जवळून पाहिली. वॅगन आरचा ब्रेक पॅड मागितल्यावर गल्ल्यावरच्या मनुष्याने हिशेबाच्या वहीतून डोके वर न काढता डावा हात मागच्या फळीकडे नेला आणि खोके काढून पुढ्यात ठेवले. दुसऱ्या एका, दिसायला कितीतरी देखण्या गाडीचे नाव घेताच त्याने वही मिटली, चष्मा कपाळावर घेतला आणि "मागवून देतो, चार दिवस लागतील," असे सौजन्याने सांगितले.

बाहेर आल्यावर बापूसाहेब म्हणाले, "हात वर गेला तर गाडी घ्यावी. मान वर आली तर सोडावी."

हे असे का, त्याची उपपत्ती त्यांच्याजवळ आहे आणि ती, नाइलाजाने सांगतो, अगदी बिनतोड आहे. देखभाल सोपी की अवघड हे कारखानदार ठरवीत नाही, टॅक्सीवाला ठरवितो. ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, तो मनुष्य जी गाडी चालवितो, तिचा पार्ट गल्लोगल्ली मिळतो, तिचा मिस्त्री झाडाखाली बसलेला असतो, आणि तिची दुखणी सगळ्या गावाला पाठ असतात. यावर आमच्या सौ.ने, तसे असेल तर रस्त्यात उभी राहिलेली माणसे आपल्या गाडीला हात करतील, अशी हरकत घेतली. "मग बसवून घ्या," बापूसाहेब म्हणाले, "पेट्रोलचे सुटतील."

शेवटी गाडी आली ती तीच. हार, पेढे, लिंबू, सर्व यथासांग झाल्यावर बापूसाहेबांनी बॉनेट उघडावयास सांगितले. आत काळे प्लॅस्टिक, त्याखाली तारांचे जुडगे, आणि मालकाने हात घालावा अशा जागा म्हणजे काच धुण्याच्या पाण्याची बाटली, कुलंटची टाकी, तेलाची दांडी आणि बॅटरी. त्यांनी खिशातला पाना बाहेर काढला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि परत खिशात घातला. हल्ली गाडी आजारी पडली की तिला स्कॅनर लावतात आणि यंत्रच यंत्राचे निदान सांगते; कानाला लांब स्क्रू-ड्रायव्हर लावून टॅपेटचा आवाज ओळखणाऱ्या मनुष्याने तेथे काय करावे? पंधरवड्याने मात्र उंदराने एक तार कुरतडली, आणि ती तार सुटी येत नाही, हार्नेसचा सबंध भाग घ्यावा लागतो, असे सर्व्हिस सेंटरने कळविले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता आली ती आम्हांला खर्चाच्या मानानेही स्वस्तच वाटली. ज्यांनी जन्मात तंबाखूला स्पर्श केला नाही, ते बापूसाहेब आता दर शनिवारी तंबाखूची ताजी पुडी आणून आमच्या बॉनेटखाली बांधतात.

ते आमच्याच गाडीपुरते करतात असे समजू नये. इमारतीतल्या प्रत्येक गाडीची त्यांच्याकडे नोंद आहे : विम्याची मुदत, पीयूसीची तारीख, ब्रेक ऑईल कधी बदलले, कारण ते तेल हवेतले पाणी शोषते आणि घाटात ब्रेक मऊ लागतात, हे मालकांना ठाऊक नसले तरी त्यांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी ते हवेचा गेज घेऊन एकेका टायरपुढे गुडघे टेकतात, कमी असल्यास वायपरखाली चिठ्ठी खोचतात. आम्ही त्या चिठ्ठ्यांना हसतो आणि पंपावर जातो.

त्यांची स्वतःची गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. हँडगिअरची, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. दर पाच वर्षांनी तिची पुनर्नोंदणी होते, पर्यावरण कर भरला जातो आणि आरटीओतला प्रत्येक नवा अधिकारी ती चालवून पाहण्याचा आग्रह धरतो. त्या गाडीचा सारा संसार मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींवर चालला होता, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रात ते वाचले त्या दिवशी बापूसाहेबांनी कोणालाच काही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात दोन रिकाम्या पिशव्या घेऊन ते कुर्ल्याला गेले आणि भरलेल्या आणल्या : पॉइंट, कंडेन्सर, काचेची हँडले, कार्ब्युरेटरचे जेट. त्यांचा मुलगा टोरांटोला असतो. तो सारखा बोलावतो, घर मोठे आहे, डॉक्टर चांगले आहेत, दोघांनी येऊन राहा म्हणतो. एकदा माझ्या देखत फोन झाला. बापूसाहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, येईन. पण तिथे आमचा पार्ट कुठे मिळतो?" मुलगा हसला असावा. मी हसलो नाही, आणि याचा मला थोडा रागच आला. या मनुष्याविषयी असे काही वाटून घेण्याची माझी तयारी नव्हती.

असो. कुर्ल्याच्या पिशव्यांतून एक वस्तू मात्र आली नाही : पुढच्या डाव्या दाराच्या त्रिकोणी काचेचे रबर. नाना पेठेत हात वर जात नाही, मान वर येते. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर ते तडे न गेलेल्या अवस्थेत पडून असल्यास कृपा करून कळवावे. योग्य ती किंमत दिली जाईल असे लिहिण्याची मला परवानगी नाही. वस्तू पाहून ठरविले जाईल.