चिरंजीवास पत्र

चि. पीएफएएस यास,

मु. पो. मोशीहून एका नळधारकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, 'चिरंजीव' हा शब्द आम्ही आजवर फार स्वस्तात वापरला. मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिकांवर ज्याला त्याला तो लावत सुटलो. त्यांतल्या कुणी शंभरी गाठली तर पेपरात फोटो येतो. हा शब्द ज्याला खरोखर शोभेल असा तू एकटाच निघालास, सहजासहजी न संपणारं रसायन, आणि तुला मात्र आम्ही इंग्रजी आद्याक्षरांनी हाक मारतो. ही चूक मी आज दुरुस्त करतो आहे.

पुराणात चिरंजीव सात. मार्कंडेयाला धरलं तर आठ. तू नववा, आणि खरं सांगायचं तर आधीच्यांपेक्षा सरस. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत हिंडतो म्हणतात. तुझं तसं नाही. तुला ना तेल चिकटत, ना पाणी. कार्बनला फ्लोरिननं अशी मिठी मारली आहे की सेंद्रिय रसायनशास्त्रात तिच्याइतका पक्का एकेरी बंध दुसरा नाही. ऊन ती सोडवू शकत नाही, आम्ल सोडवू शकत नाही, आणि मातीतले जंतू, जे मेलेल्या हत्तीचीही विल्हेवाट लावतात, ते तुझ्यापुढे हात टेकतात. तुझं खानदानही मोठं, हजारो भावंडं. थोरल्यांपैकी एक टेफ्लॉन, १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना अपघातानं सापडलेला. त्याच्या कृपेनं तव्यावर डोसा चिकटत नाही आणि रेनकोटावर पाऊस थांबत नाही. आमच्याकडे गाडी धुवायला नेली तरी पोरगं विचारतं, "काका, टेफ्लॉन कोटिंग मारायचं का?"

तुझी माझी ओळख मात्र तव्यावरची नाही. मी भोसरीत प्लेटिंगच्या एका शॉपमध्ये नोकरी केली. क्रोमच्या टाकीतून करंट सुरू झाला की पिवळसर धुकं उठतं. ते नाकात गेलं की आधी घोळणा फुटतो, आणि वर्षानुवर्षं जात राहिलं तर नाकातल्या पडद्याला भोक पडतं. त्यावर इलाज म्हणून एक कॅन यायचा. झाकणभर लिक्विड टाकलं की टाकीवर फेसाची साय धरायची आणि धूर खालीच बसायचा. आम्ही त्याला 'धूर दाबायचं' म्हणायचो. जगभर या कामाला पीएफओएस, म्हणजे तुझाच सख्खा भाऊ, वापरला गेला आहे. आमच्या कॅनमध्ये कोण होतं ते आम्ही विचारलं नाही, मालकानं सांगितलं नाही आणि लेबल केव्हाच विरघळलं होतं. माझं नाक शाबूत आहे. तेवढ्यापुरता मी तुझ्या घराण्याचा ऋणी आहे, हे आधीच कबूल करतो. टाकी धुतलेलं पाणी कुठं जायचं, हेही आम्ही विचारलं नाही. मोरीतून जायचं. मोरीच्या पुढं गटार, गटाराच्या पुढं नदी, एवढा भूगोल सगळ्यांनाच येत होता.

तुझ्या परदेशातल्या कर्तबगारीबद्दल वाचून ऊर भरून येतो. इटलीतल्या व्हिचेन्झा जिल्ह्यात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथल्या मितेनी कंपनीतून तू जमिनीखाली उतरलास आणि साधारण साडेतीन लाख माणसांच्या पाण्यात जाऊन बसलास. माणसांना ते २०१३ च्या सुमारास कळलं. मग आयांनी पोरांची रक्तं तपासून घेतली, छातीवर आकडे लावून मोर्चे काढले. कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या कोर्टानं अकरा जुन्या अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. माणसाचं आयुष्य मोजून-मापून असतं, म्हणून ती वर्षं अकरा जणांत वाटावी लागली. तुला एकट्याला दिली असती तर तू सहज भोगून बाहेर आला असतास.

कोर्टाचा निकाल लागण्याआधीच तिथली यंत्रं मात्र सुटली होती. २०१९ मध्ये ती लिलावात निघाली, आपल्या लक्ष्मी ऑरगॅनिक कंपनीच्या उपकंपनीनं घेतली आणि जहाजातून इकडे आणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत बसवली. योग बघ कसा जुळून आला. साऱ्या पृथ्वीवर नवव्या चिरंजीवाला जागा मिळाली ती सात चिरंजीवांतल्या एकाच्या पायाशी! परशुरामानं बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण काढलं म्हणतात. आता तुला मागं हटवायचं झालं तर कुठला बाण काढायचा, ते त्यालाच ठाऊक. आपण सगळे नियम पाळतो, असं कंपनी सांगते. माझा त्यावर विश्वास आहे. ज्याच्यासाठी नियमच लिहिलेला नाही तो पाळायला असं कितीसं कठीण जाणार?

असो. कोकणाचं कोकण बघेल. मी लिहितो आहे आमच्या मोशी-भोसरीच्या पट्ट्याबद्दल.

तू आमच्या नळात आहेस, असा आरोप मी करत नाही. आरोप करायला कागद लागतो, आणि आमच्याकडचे कागद तुझ्याबद्दल एकदम सोवळे आहेत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात रंग आहे, वास आहे, गढूळपणा आहे, क्लोराइड आहे, शिसं आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकांचीही यादी आहे. तू नाहीस. सोसायटीचा सेक्रेटरी दरवर्षी बाटली भरून लॅबला देतो, चार दिवसांनी 'पिण्यास योग्य' असा शिक्का येतो आणि आम्ही तो लिफ्टशेजारी लावतो. शिक्का खोटा नाही. पाहुणा आला का, असं विचारलंच नाही तर 'कुणी आलं नाही' हे उत्तर बरोबरच असतं.

अमेरिकेनं एप्रिल २०२४ मध्ये तुझ्या दोन थोरल्या भावांसाठी, पीएफओए आणि पीएफओएससाठी, मर्यादा ठरवली: लिटरला चार नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे किती, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. म्हणून मी घरचा हिशोब मांडला. पवना धरण काठोकाठ भरलं की साडेआठ टीएमसी, म्हणजे सुमारे २४ हजार कोटी लिटर पाणी. त्याला चारनं गुणलं आणि नॅनोग्रॅमचे ग्रॅम केले. उत्तर आलं ९६३ ग्रॅम. मी दोनदा करून पाहिलं. अख्खं पवना धरण त्या मर्यादेपर्यंत न्यायला तुझी एक किलोचीसुद्धा पिशवी लागत नाही. किराणावाला साखर जोखताना यापेक्षा जास्त इकडंतिकडं करतो.

आणि धरणाचं पाणी आमच्याकडे कसं येतं तेही ऐक, तुझ्या सोयीचं आहे. पवनेचं पाणी नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. बंद नळातून थेट आणायचं ठरलं होतं, पण ९ ऑगस्ट २०११ ला मावळातल्या बऊरला त्यावरून आंदोलन झालं, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि तीन शेतकरी गेले. त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. नदी उघडीच राहिली, एवढंच सांगतो. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीत सोडतात, निघोज्याच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध करतात. निघोजे कुठं, तर चाकण एमआयडीसीच्या कुशीत. केंद्रात काय काय असतं? तुरटी, वाळूचं गाळण, क्लोरीन. गाळ बसतो, जंतू मरतात. तू ना बसतोस, ना मरतोस. तुला अडवायला ॲक्टिव्हेटेड कार्बनचे थर लागतात, किंवा आरओ. आणि उकळलं तर पाण्याची वाफ होते, तू मागं राहून आणखी दाट होतोस. "पाणी उकळून प्या" हा आमच्या चार पिढ्यांचा सल्ला तू एका फटक्यात निकालात काढलास.

आरओवरून आठवलं. परवा एक सेल्समन आला होता. टाय वगैरे. त्यानं पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवला आणि चेहरा गंभीर केला. मी त्याला तुझ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "सर, हे मशीन सगळं पकडतं." मीटर मोजतो पाण्यातले क्षार, तेही लिटरला मिलिग्रॅममध्ये. तू राहतोस त्याच्या दहा लाखपट खाली. त्याचं आरओ तुला बरंच अडवेलही, पण अडवून कुठं धाडेल? वेस्ट पाण्याच्या नळीतून मोरीत. त्याच पाण्यानं आमची मंडळी फरशी पुसतात आणि तुळशीला घालतात.

इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस येतो, तो तुझा, असंही मी म्हणणार नाही. मैलापाणी, साबण, कारखान्यांची घाण, एवढी मंडळी त्याला पुरेशी आहेत. दर वारीच्या तोंडावर त्या फेसाचे फोटो येतात, पाहणी होते, नमुने घेतात, नोटिसा निघतात. फेस निदान दिसतो तरी. माझी वहिनी पंच्याहत्तर वर्षांची आहे. ती तो फेस हातानं बाजूला सारते आणि खालचं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीनं पिते. "वहिनी, नका पिऊ," म्हटलं तर म्हणते, "भावजी, याच पाण्यातून गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली." आता तिला काय सांगू? की न भिजण्याचा चमत्कार करणारं या पाण्यात आता दुसरंही कुणी असू शकतं?

पोटात गेल्यावर तू काय करतोस, तेही वाचलं. रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम. आईच्या दुधातून बाळाकडे. कोलेस्टेरॉल वाढवणं, लसीचा गुण कमी करणं. तुझ्या पीएफओए या भावाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ च्या अखेरीस पहिल्या गटात बसवलं, जिथं तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आधीपासून बसलेले आहेत. पीएफओएसवर तर स्टॉकहोम करारानं २००९ मध्येच बंधनं घातली. करारावर आपल्या देशाची सही आहे. २०२० मध्ये सात नव्या रसायनांवरची बंधनं आपण मान्यही केली, त्यांत पीएफओएस नव्हता. घराण्याचा मान राखला म्हणायचा.

तर चिरंजीवा, तुला विनंती अशी काही नाही. तू कुणाचं ऐकत नाहीस. विनंती महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. रावेत आणि निघोजे इथं वर्षातून दोनदा तुझ्या नावानं बाटली भरा. भोसरी, कुदळवाडी, चाकण, म्हाळुंगे इथल्या बोअरवेलच्या पाण्याची बाटली भरा, कारण उन्हाळ्यात आमच्या टँकरमध्ये तेच असतं. आणि जो आकडा येईल तो पाणीपट्टीच्या बिलावर छापा. शून्य आला तरी छापा. मी तो फ्रेम करून लावीन.

तोवर मी माझ्यापुरतं एक केलं. आपलं पाणी घेऊन लॅबमध्ये गेलो. जाण्याआधी वाचून घेतलं होतं की तुझ्या नमुन्याला टेफ्लॉनच्या झाकणाची बाटली चालत नाही, आणि भरणाऱ्यानं वॉटरप्रूफ जाकीटसुद्धा घालायचं नसतं, नाहीतर तू तिथूनच उतरतोस. म्हणून भर पावसात छत्री न घेता साधा सुती सदरा घालून, साधी प्लास्टिकची बाटली भरली. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं केला. पीएच, टीडीएस, हार्डनेस, कोलिफॉर्म, सगळ्यांना चौकोन होते. तुला नव्हता.

"हे इथं होत नाही, काका. मोठं मशीन लागतं," ती म्हणाली. "आणि आजवर कुणी विचारलंही नाही."

फॉर्मच्या तळाशी 'इतर' अशी एक रिकामी ओळ होती. मी तिथं तुझं नाव लिहिलं. तिनं स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं. तिनं रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पावती फाडून दिली. पावती माझ्याकडे आहे.

कळावे,
एक नळधारक, मोशी