छत्रीखालचा तलाठी

रविवारी सकाळी घरातली बाकी मंडळी पोह्यांवर तुटून पडलेली असतात आणि एक गृहस्थ टीव्हीपुढे खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर चढवून, दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन बसलेला असतो. पडद्यावर क्रिकेट नसतं, मालिका नसते, बातम्या नसतात. वाहिन्या शोधणारी एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत असते आणि खाली आकडे चढत असतात: टीव्ही ४१, रेडिओ ९. गृहस्थाच्या चेहऱ्यावर मात्र शेवटच्या षटकातला ताण. आतून कुणी ‘चहा निवतोय’ म्हणालं, तर तो मान न वळवता ‘बासष्ट टक्के’ असं उत्तर देतो. अशा माणसाला घरचे टीव्हीवेडा म्हणतात. हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण टीव्ही पाहण्याशी त्याचा फारसा संबंधच नाही. पूर्वी तलाठी पीकपाहणीला बांधावर जायचा तो हुरडा खायला नव्हे, निदान कागदोपत्री तरी नव्हे. शेतात काय उभं आहे याची नोंद करायला तो जायचा. आपला गृहस्थ त्याच जातकुळीचा. आकाशातून घरात काय काय येतं याचा सातबारा त्याला चोख हवा असतो. पीक कोणी खायचं, हा प्रश्न त्याच्या खात्यात येत नाही.

पुरावा हवा असेल तर मोजणी संपल्यानंतरची दहा मिनिटं पाहावीत. ‘अकरा नवीन सापडले!’ अशी घोषणा होते. त्या अकरांत काय असतं? पीएम ई-विद्येवर कुठल्याशा इयत्तेचा गणिताचा तास, स्वयंप्रभेवर फळ्यासमोर उभे असलेले प्राध्यापक, सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात, आणि घरात कुणालाही न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या. गृहस्थ प्रत्येकावर चार सेकंद थांबतो. चित्र आहे, आवाज आहे, झालं, पुढे. सगळी फेरी पूर्ण झाली की तो सह्याद्रीवर येतो आणि तिथे त्याचा डोळा लागतो. ज्याला पाहायचं असतं तो एवढ्या धनाकडे पाठ फिरवून घोरत नाही. त्याची खरी विद्वत्ता दिसते ती सिग्नलच्या दोन पट्ट्या वाचताना. स्ट्रेंथ नव्वद आणि क्वालिटी शून्य दिसली की अडाणी माणूस नव्वद पाहून खूश होतो. गृहस्थ ओळखतो की मांडव भरलाय, पण नवरदेव भलत्याच गावाला उतरलाय. तार जिवंत आहे, फक्त छतावरची डिशची छत्री हव्या त्या उपग्रहाकडे पाहत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेचा तो उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे, म्हणून महाराष्ट्रातल्या छतांवरच्या या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात. वास्तुशास्त्रवाले त्या दिशेला स्वयंपाकघर सांगतात. गृहस्थाची खिचडी तिथेच शिजते, एवढं मात्र खरं.

आता आक्षेप. पहिला असा की ही निव्वळ रिकामपणची कामगिरी आहे, महिन्याभरापूर्वी मोजलेलं पुन्हा काय मोजायचं? केबलवाल्याला दरमहा पैसे मोजणाऱ्या घरापुरता हा आक्षेप मान्य. तिथे कंपनीच यादी लावून देते. पण फ्री डिशचा कारभार वेगळा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं ३३ वाहिन्यांवर ती सुरू झाली. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा डबा एकदा विकत घेतला की पुढे दरमहा काही नाही, आणि आज चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज सांगितला जातो. पाहणाऱ्याला फुकट असलं तरी खाजगी वाहिन्यांना तिथे जागा फुकट नसते. प्रसार भारती तिचा लिलाव करते आणि नवं वर्ष साधारण १ एप्रिलला सुरू होतं. कोण राहिलं, कोण गेलं, कोण नवं आलं, हे ठरतं तिकडे आणि डब्यातली यादी मात्र जुनीच राहते. २०१९ च्या मार्चमध्ये झी अनमोल, स्टार उत्सव अशा वाहिन्या फ्री डिशवरून एका झटक्यात उठल्या आणि वर्षभराने परतल्या. त्या परतल्याचं पुन्हा स्कॅन न करणाऱ्या कितीक घरांना कळलंही नसेल. एकाच फ्रिक्वेन्सीवर डझनावारी वाहिन्यांचं गाठोडं बांधून येतं आणि ते सोडून पाहिल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. गाठोडं सोडणाऱ्याला रिकामटेकडा म्हणणं म्हणजे पोस्टमनला भटक्या म्हणण्यासारखं झालं.

दुसरा आक्षेप घरातल्या आजींचा, आणि तो जास्त जड आहे. त्यांची मालिका सत्तावीसवर होती, ती मोजणीनंतर त्रेसष्टवर गेली. त्यांना वाहिनीचं नाव ठाऊक नसतं, आकडा ठाऊक असतो, जसा गावी बसचा फलाट पाठ असतो. बऱ्याच डब्यांत आपोआप स्कॅन केलं की आवडत्या वाहिन्यांची निवड आणि लावलेली कुलपं पुसली जातात. इथे गृहस्थाची बाजू घेता येत नाही. फेरफार केला तर खातेदाराला नोटीस द्यावी लागते, हा महसुली नियम त्याने स्वतःला लावलेला नाही. एकच फ्रिक्वेन्सी घालून हाताने शोधता येत असताना तो सगळं पुसून पहिल्यापासून मोजतो, कारण शून्यापासून चढणाऱ्या आकड्यात जी गंमत आहे ती दोनाची भर घालण्यात नाही. हा दोष त्याच्या पदरात घालायलाच हवा.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: मोबाइलच्या काळात हे कशाला? याला पावसाळ्यातच उत्तर द्यावं म्हटलं, तर तेवढ्यात नेमकी चित्राची चौकटी-चौकटी होते, कारण पावसात निकामी होणारी जगातली ही एकमेव छत्री. तरीही महिन्याचं रिचार्ज संपलं म्हणून ती कधी बंद पडत नाही, आणि सातबाऱ्याला तेवढं पुरतं. तेव्हा तुमच्या घरातला तलाठी येत्या एप्रिलमध्ये मोजणीला बसला, तर आजींचा सत्तावीस नंबर त्याच्याकडून आधी कागदावर लिहून घ्या, आणि पट्टी नव्वदच्या पुढे गेलेली असताना मेन स्विचला हात लावू नका. बऱ्याच डब्यांत अर्धवट मोजणी धरली जात नाही. पुन्हा शून्यापासून.